अडीच गुंठ्यांचा हिवाळा

इंग्लंडात आगगाडीने जाणाऱ्या माणसाला गावांचे तोंड क्वचितच दिसते. त्याला दिसते ती गावांची पाठ. परसदारी वाळत घातलेले कपडे, गोदामांच्या पत्र्याच्या भिंती, जुन्या मोटारींचे ढीग, आणि ह्या सर्वांच्या मधे, रुळांना अगदी लागून, एक चमत्कारिक वस्ती वरचेवर नजरेस पडते. लाकडाच्या बुटक्या खोपी, प्रत्येक खोपीपुढे मातीचा एक लांबट तुकडा, आणि तुकड्यांमधून एका माणसाला जाता येईल एवढी गवताची वाट. धूर नाही, मुले नाहीत, कुत्रीही नाहीत. नवख्याला ही गोरगरिबांची झोपडपट्टी वाटते. वस्तुतः तेथे कोणीच राहत नाही. ह्या भाजीच्या पट्ट्या आहेत. इंग्रजीत त्यांना ‘अलॉटमेंट’ म्हणतात. म्हणजे वाटून दिलेला तुकडा.

ज्या घराला परडे नाही त्या घराला वस्तीच्या कडेला मिळालेले परडे, असे म्हटले म्हणजे आपल्याकडील वाचकास कल्पना येईल. जुन्या मापाने पूर्ण पट्टी दहा ‘रॉड’ची. चार रॉड म्हणजे आपला एक गुंठा. तेव्हा ती झाली अडीच गुंठ्यांची. आजकाल मागणी एवढी, की पुष्कळ ठिकाणी एका पट्टीचे दोन भाग करून देतात. जमीन बहुधा नगरपालिकेची किंवा गावच्या पंचायतीची असते. कसणारा वर्षाचे अल्पसे भाडे भरतो आणि पिकवलेले स्वतःच्या घरी खातो. भाजी विकण्याचा धंदा करण्यासाठी ही जमीन नव्हे, हे कायद्यातच लिहिलेले आहे. 1950 च्या कायद्याने तेथे कोंबड्या व ससे पाळण्याचीही मुभा दिली. कोंबड्याला मात्र मज्जाव, कारण शेजाऱ्यांची झोप!

यंदाच्या जानेवारीत त्या देशाच्या नैर्ऋत्येकडील विल्टशर परगण्यात सहा आठवडे राहण्याचा योग आला. तेथील एका धर्मग्रामाचे फादर रजेवर गेले होते. त्यांच्या जागी मला पाठविण्यात आले. त्या भागातील मोठे शहर स्विंडन. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा प्रचंड कारखाना तेथे 1843 साली सुरू झाला, त्याच्या जोरावर शहर वाढले, आणि 1986 साली कारखाना बंद पडला. आज त्याच शहरात गोव्याचे हजारो लोक राहतात. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलांनातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते; त्या कागदाच्या आधारे, ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर, पुष्कळ कुटुंबे इकडे आली. 2020 च्या अखेरीस ती मोकळी वाट बंद झाली. ह्या लोकांत गोव्याच्या सरहद्दीवरील आपल्या बेळगाव-खानापूर भागातील माणसेही आहेत, ज्यांचे आजोबा गोव्याचे होते. गोदामांत रात्रपाळी, इस्पितळांत शुश्रूषा, वृद्धाश्रमांत सेवा, अशी त्यांची कामे.

त्यांपैकीच एक गृहस्थ, खानापूर तालुक्यातील मलप्रभाकाठच्या एका गावचे, रविवारच्या मिस्सानंतर मला भेटले. वय पन्नाशीच्या आतबाहेर. प्रकृतीची, गावची, पावसाची विचारपूस झाल्यावर ते थोडे संकोचून म्हणाले, “फादर, शनिवारी माझी शेती बघायला याल का?” मला वाटले, थट्टा करतात. परंतु त्यांनी खिशातून एक पत्र काढले.

पत्र पट्ट्यांची देखरेख करणाऱ्या समितीचे होते. भाषा सभ्य, पण अर्थ स्पष्ट: तुमची पट्टी शरद ऋतूपासून कसलेली दिसत नाही, फेब्रुवारीच्या शेवटी पाहणी होईल, तोवर सुधारणा न झाल्यास पट्टी काढून घ्यावी लागेल. ऑक्टोबरात त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया झाली होती. ते दिवसा इस्पितळात आणि रात्री गोदामात, अशा स्थितीत शेतावर कोण जाणार? समितीला दोष देण्यासारखेही नव्हते. पट्टी मिळावी म्हणून ते स्वतः पाच वर्षे यादीत नाव लावून थांबले होते, आणि आज त्यांच्यामागे तेवढीच लांब यादी उभी होती. पट्टी गेली असती, तर पुन्हा यादीचे टोक.

तेव्हा शनिवारी आम्ही गेलो. सकाळी आठ वाजेपर्यंत तेथे उजाडत नाही आणि दुपारी साडेचारला दिवे लावावे लागतात. कामाला मिळतात ते मधले सात-आठ तास. गवतावर रात्रीचे दव गोठून पांढरे झाले होते आणि बुटाखाली काचेसारखे वाजत होते. पट्टीची दशा मात्र पाहवेना. वाळलेल्या टोमॅटोच्या काळ्या काटक्या अजून बांबूंना बांधलेल्या. घेवड्याचे वेल कुजून लोंबत असलेले. कोबीचे दांडे कबुतरांनी सोलून काढलेले. आणि सर्वत्र आपल्या हरळीसारखे एक चिवट गवत, ज्याच्या मुळीचा बोटभर तुकडा जमिनीत राहिला तरी वसंतात त्याचे नवे झाड.

हिवाळ्यात शेतात काय काम असते, असे आपल्याला वाटेल. आपला हिवाळा म्हणजे भाजीचा खरा हंगाम. भात निघाले की ओलीवर मसूर, हरभरा, वाल टाकायचे. विहिरीला पाणी आहे तेथे नवलकोल, मिरची, कोबी. इंग्लंडात ह्याच्या उलट. डिसेंबर-जानेवारीत तेथे काही वाढत नाही. जे आधी वाढले तेच उभे असते. लीक नावाची, कांद्याच्या जातीची जाड दांड्याची भाजी, पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखा कंद, केल नावाचा न वळणारा कोबी: ही सारी बर्फातही तग धरतात. पार्सनिप तर थंडीचा कडाका बसल्यावर अधिक गोड लागतो, कारण त्या थंडीत कंदातील पिठाची साखर होते. ह्या तीनचार भाज्या सोडल्या तर शेत रिकामे असते, आणि रिकाम्या शेताची निगा हेच हिवाळ्याचे काम.

शेजारच्या पट्टीवर एक वृद्ध इंग्रज गृहस्थ होते. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यात कामाला. कारखाना बंद झाल्यापासून त्यांचा सारा दिवस येथेच. त्यांनी पत्राची हकिकत ऐकली, आपली कुदळ खाली ठेवली आणि एक अक्षर न बोलता आमच्या पट्टीत आले. अर्ध्या तासाने दुसऱ्या बाजूची एक बाई आली, मग आणखी एक तरुण. मला एक दात्यांचे फावडे देण्यात आले. सेमिनरीत असताना बागेचे काम आठवड्यातून दोनदा सक्तीचे होते. त्या वेळी आम्ही मुले कुरकुरत असू, त्या शनिवारी ते कामी आले.

प्रथम सारा पाला काढला. निरोगी पाला कंपोस्टच्या राशीवर, रोगट पाला जाळण्यासाठी वेगळा. राशीला काडी लावण्याआधी वृद्ध गृहस्थांनी ती एका जागेवरून उचलून दुसरीकडे रचावयास लावली. त्या देशात हेजहॉग म्हणून वीतभर लांबीचा एक काटेरी प्राणी असतो. हिवाळाभर तो अशाच पाल्याच्या ढिगात झोपतो आणि उन्हाळाभर पिकावरच्या गोगलगायी खातो. त्याला न पाहता ढीग पेटवणे म्हणजे स्वतःच्याच राखणदाराला जाळणे. आमच्या ढिगात तो नव्हता, तरी पाऊण तास त्यात गेला, आणि कोणी त्याबद्दल कुरकुर केली नाही.

नंतर खणणी. स्विंडनच्या सखल भागातील माती चिकण आहे. ओली असताना बुटाला किलोकिलोने चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. म्हणून ही माती थंडीपूर्वी किंवा थंडीच्या आरंभी खणून मोठी मोठी ढेकळे तशीच उघडी टाकतात. ढेकळातील पाणी गोठते. गोठताना पाणी सुमारे एक-अकरांशाने फुगते. रोज रात्री गोठणे आणि दुपारी वितळणे ह्या क्रमाने ढेकूळ आतून फुटत जाते, आणि मार्चमध्ये हात लावताच त्याचा भुगा होतो. हे ऐकताना मला आपली उन्हाळी नांगरट आठवली. आपण म्हणतो, जमीन तापली पाहिजे. ते म्हणतात, जमीन गोठली पाहिजे. आपले काम वैशाखाचे ऊन करते, त्यांचे पौषाची थंडी.

पण आम्हाला उशीर झाला होता आणि माती पाण्याने जड होती. अशा मातीवर पाय देऊन खणले तर ती दडपून आणखी घट्ट होते. वृद्ध गृहस्थांनी निर्णय दिला: जेथे हरळी आहे तेथेच खणा, तेही फळीवर उभे राहून, बाकीच्या वाफ्यांवर पुठ्ठे पसरा आणि वर चार बोटे शेणखत घाला, म्हणजे खालचे तण अंधारात मरेल आणि खत गांडुळे खाली नेतील. अलीकडे कित्येक जण मुळीच खणत नाहीत, ह्याच पद्धतीने शेत राखतात. खणणारे आणि न खणणारे ह्यांचे त्या मळ्यात दोन पंथ होते, आणि चहाच्या वेळी त्यांचा वाद चांगलाच रंगला. मी धर्मोपदेशक असल्याने दोन्ही बाजूंनी माझा कौल मागितला. मी चहा प्यालो.

खणताना एक पक्षी सारखा पायांपाशी येत होता. मुठीएवढा, छातीवर नारिंगी तांबूस पिसे. नाताळच्या कार्डांवर तुम्ही तो पाहिला असेल. त्याचे नाव रॉबिन. माती उलटली की त्यातला किडा उचलून फावड्याच्या दांड्यावरच जाऊन बसे. माणसाला इतके न भिणारे पाखरू मी आपल्याकडे पाहिले नाही.

पुढच्या शनिवारांची कामे लहानसहान होती, पण पट्टी वाचली ती ह्या लहानसहान कामांनीच, असे मला वाटते. कंपोस्टची रास उलटून वर जुने गोणपाट घातले. झाडपाल्याची दुसरी रास तारेच्या जाळीत, तिचे खत व्हायला दोन वर्षे. खोपीच्या छपरावरचे पाणी पिंपात पडावे म्हणून पन्हळ साफ केली. सार्वजनिक नळ थंडीत फुटू नयेत म्हणून नोव्हेंबरातच बंद करतात, मग हेच पाणी. कुंड्या व तबके गरम पाण्याने धुतली, कारण मागच्या वर्षीची बुरशी नव्या रोपाला मारते. कुदळी-फावड्यांची माती खरवडून लोखंडाला तेल आणि लाकडी दांड्यांना जवसाचे तेल. सफरचंदाच्या झाडाची छाटणी झाली. अलुबुखाराच्या झाडाला मात्र कोयता लावू दिला नाही, कारण हिवाळ्यात केलेल्या त्याच्या जखमेतून एक बुरशी शिरते आणि पाने रुपेरी होऊन फांद्या मरतात. त्याची छाटणी उन्हाळ्यात. जानेवारीच्या शेवटी बियाण्याचे बटाटे घरी खिडकीत, अंड्यांच्या पुठ्ठ्यात, डोळे वर करून मांडले. कोंब फुटल्यावर त्यांची लावण. जुन्या रिवाजाप्रमाणे ती शुभ शुक्रवारी करतात. सण दरवर्षी पुढेमागे होतो, तरी रिवाज टिकला आहे.

कोवळ्या पिकावर ते लोक थंडीच्या रात्री पातळ पांढरे कापड पांघरतात. त्यावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. उत्तरेकडील नॉटिंगहॅम शहरात एकोणिसाव्या शतकात कारागीर व मजूर अशाच भाड्याच्या पट्ट्यांत भाजीबरोबर गुलाब वाढवीत. रेनॉल्ड्स होल नावाचे एक अँग्लिकन धर्मोपदेशक त्यांच्या गुलाबांची परीक्षा करण्यास गेले होते, आणि 1869 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या गुलाबांवरील पुस्तकात त्यांनी त्याची हकिकत दिली आहे. एक दयाळू बाई हिवाळ्यात अशा एका कामगाराच्या घरी गेल्या. बिछान्यावर पुरेसे पांघरूण नाही असे पाहून त्या ब्लँकेटे देऊ लागल्या. तेव्हा त्याची बायको म्हणाली की पांघरुणे आहेत, पण ती नवऱ्याने गुलाबांना नेऊन घातली आहेत. नवऱ्याचे कौतुक सर्व जण करतात. थंडीत कुडकुडणाऱ्या त्या बायकोचे कोणी करीत नाही, एवढेच माझे म्हणणे.

पट्ट्यांच्या जन्माची हकिकत मात्र कौतुकापेक्षा अन्यायाची अधिक आहे. आपल्या गायरानासारखी सामाईक राने व कुरणे त्या देशात होती. गरीब मनुष्य तेथे गाय चारी, सरपण गोळा करी. पार्लमेंटने कायदे करून ती कुंपणात घातली आणि मालकांच्या नावे केली. 1604 पासून 1914 पर्यंत असे 5,200 हून अधिक कायदे झाले आणि सुमारे 68 लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा, त्यांत आली. मजुराच्या हाती केवळ मजुरी उरली.

स्विंडनच्या पश्चिमेस, एव्हन नदीच्या काठी, ग्रेट सोमरफर्ड म्हणून लहानसे खेडे आहे. एका सोमवारी आमचे खानापूरकर गृहस्थ मला तेथे घेऊन गेले. ह्या गावाचे कुंपण होऊ लागले तेव्हा तेथील अँग्लिकन रेक्टर स्टीफन डिमेनब्रे ह्यांनी राजा तिसरा जॉर्ज ह्यास पत्र लिहिले. हे गृहस्थ राजाचे धर्मोपदेशक, शिवाय राजाच्या वेधशाळेचेही काम पाहणारे; तेव्हा पत्र वाचले गेले. गावच्या गरिबांसाठी सहा एकर जमीन कायमची वगळावी, ही त्यांची मागणी मान्य झाली, आणि 1809 साली त्या सहा एकरांच्या पट्ट्या पडल्या. त्यांना आजही ‘फ्री गार्डन्स’ म्हणतात, आणि देशातील सर्वांत जुन्या पट्ट्या म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. सहा एकर म्हणजे काय? 68 लाखांत काहीच नाही. पण दोनशे वर्षांनंतर मी तेथे उभा होतो तेव्हा ओळीने लीक उभे होते, आणि एक बाई हातगाडीतून खत नेत होती.

कायदा पुढे आला तो सावकाश. 1908 च्या कायद्याने, सहा मतदारांनी वा करदात्यांनी मिळून पट्ट्या मागितल्या तर त्या मागणीचा विचार करणे स्थानिक संस्थेवर बंधनकारक झाले. 1925 च्या कायद्याने, पट्ट्यांसाठी म्हणून घेतलेली जमीन मंत्र्याच्या संमतीवाचून विकण्यास बंदी झाली. दुसऱ्या महायुद्धात सरकारनेच लोकांना खणण्यास सांगितले, आणि पट्ट्यांची संख्या चौदा लाखांपर्यंत गेली. आज ती सुमारे तीन लाख आहे. संमती मिळते आणि जमिनी जातातही. तथापि कोणाला तरी विचारावे लागते. हलगा-मच्छे बगल रस्त्यासाठी सुपीक शिवार जाऊ नये म्हणून आपल्या बेळगावचे शेतकरी किती काळ न्यायालयाच्या पायऱ्या चढले, हे आठवले म्हणजे ह्या ‘विचारण्या’ची किंमत कळते.

मला सर्वांत आवडले ते पट्टी सोडविण्याचे कलम. अट मोडली किंवा भाडे चाळीस दिवस थकले तर एका महिन्याच्या नोटिशीने पट्टी जाते. पण कसणाऱ्याचा काही दोष नसेल तर बारा महिन्यांची नोटीस, आणि तिची मुदत 6 एप्रिलच्या पुढे व 29 सप्टेंबरच्या आत संपता कामा नये. 29 सप्टेंबर हा मिखाएल महादूताचा सण, इंग्लंडात पूर्वापार हिशेब चुकते करण्याचा दिवस. उभे पीक हातचे जाऊ नये म्हणून ही व्यवस्था. देणारा निर्भय, घेणाराही निर्भय.

परतताना मोटारीत आमचे गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “फादर, गावी नदीकडेला माझे तीस गुंठे आहेत. अकरा वर्षे पड. रानमोडी माणसाच्या वर गेली आहे म्हणतात.” कसायला का दिले नाही, असे मी विचारले नाही, उत्तर आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. 1 मार्च 1974 पासून कर्नाटकात कुळांच्या हाती असलेल्या जमिनी सरकारजमा होऊन कुळांच्या नावे होऊ लागल्या. जो राबला त्याला जमीन मिळाली. आपल्या गावांतील कित्येक घरे त्यामुळे उभी राहिली, आणि तो न्यायच होता. त्याच कायद्याने शेत खंडाने देण्यास मनाई केली. अपवाद सैनिक व खलाशी. तेव्हापासून ज्याला स्वतः कसता येत नाही तो भीतीने कोणालाच देत नाही. साडेसात हजार किलोमीटरच्या आत-बाहेर बसून परक्याचे अडीच गुंठे पुठ्ठ्याने झाकणाऱ्या माणसाचे स्वतःचे तीस गुंठे रानात जातात, ते आळसाने नव्हे. कायद्याची ही अडचण विधानसभेने सोडवावयाची आहे. तोवर घरातल्या माणसाने कसायला कोणाची ना नाही, एवढे मी त्यांना म्हणालो. त्यांच्या चुलत भावाची विधवा, म्हणजे त्यांची भावजय, त्याच गावात राहते. तिच्या परड्यातील मिरची मी खाल्ली आहे. चुलत नाते कायद्याच्या ‘कुटुंबा’त बसते की नाही, हे वकिलाला विचारून घ्या, असेही सांगितले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात समितीची दोन माणसे आली. पट्टी टोकापासून टोकापर्यंत चालून गेली, खोपीतली तेल लावलेली अवजारे पाहिली, कंपोस्टच्या राशीत हात घालून ऊब पाहिली. कागदावर खूण केली आणि पुढच्या पट्टीकडे गेली. एका वर्षाची निश्चिंती झाली. मी निघालो तेव्हा खिडकीतल्या बटाट्यांना नखाएवढे जांभळे कोंब आले होते.

गावी परतल्यावर मी नदीकडेचे ते तीस गुंठे पाहून आलो. रानमोडीबद्दल लोकांनी सांगितले ते खरे आहे. बांध मात्र शाबूत, आणि कोपऱ्यातल्या विहिरीला मार्चमध्येही पाणी आहे. बंगळूरच्या नव्हे, खानापूरच्याच वकिलाला विचारले. परस्परांच्या संमतीचा साधा कागद कसा असावा ते तो सांगणार आहे. भावजयीला मी स्विंडनच्या पट्टीची छायाचित्रे दाखविली. तिने ती नीट पाहिली, पुठ्ठ्यांना हसली, आणि विचारले की विहिरीतला गाळ काढायला किती माणसे लागतील. चार माणसे, दोन दिवस, असा अंदाज आहे. पास्काचा सण झाला की काम सुरू.